उकिडवे सरांचं माप

“सही सोडून काहीही मागा,” उकिडवे सर मेंदीच्या कुंपणापलीकडून म्हणाले.

त्यांच्या हातात कात्री होती. कुंपणाच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधलेली होती आणि दोरीच्या वर आलेलं पान ते एकेक करून छाटत होते. दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम असे.

“मला सहीच पाहिजे,” मी म्हणाले.

“मी रोज येऊन तुमच्या विश्वनाथरावांना पेपर वाचून दाखवतोच. म्हणत असाल तर संध्याकाळीही येईन. अग्रलेखासकट वाचीन.”

“सर, अग्रलेख वाचून खोली बांधून होत नाही.”

“नाही होत,” सर म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पान छाटलं.

माझ्या हातात कागद होता. प्लॉट नंबर तीनच्या सौ. कुमुद शेडबाळे यांनी हद्दीपासून नऊ फुटांवर खोली बांधल्यास प्लॉट नंबर चारचे श्री. वा. स. उकिडवे यांची हरकत नाही, एवढाच मजकूर. खाली सहीला जागा सोडली होती. ती जरा जास्तच सोडली होती, न जाणो सरांना पूर्ण नाव लिहावंसं वाटलं तर.

“तुमची हरकत आहे का?” मी विचारलं.

“मुळीच नाही. चार फुटांवर बांधा. माझ्या खिडकीला टेकवून बांधा.”

“मग करा की सही.”

“कशी करू? तुम्ही ‘नऊ फुटांवर’ असं लिहिलंय. तिथं दहा फूट राहतात.”

“नगरपालिकेचा माणूस मोजून गेला. नऊच राहतात.”

“ती जागा मी मोजलेली आहे, बाई,” सर म्हणाले. आवाज चढवला नाही. गणिताच्या तासालाही कधी चढवत नसत. “प्रत्येक प्लॉट पन्नास फूट म्हणजे पन्नास फूट. मी ह्याच्यावर सही करायची म्हणजे माझं माप चुकलं असं मीच लिहून द्यायचं. ते काही जमायचं नाही.”

मी कागदाची घडी घातली आणि घरात आले.

उकिडवे सरांचं माप म्हणजे काय, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी भूगोल. पण गावात कुणाच्या लग्नाचा मांडव घालायचा असो, कबड्डीचं मैदान आखायचं असो, नाहीतर नव्या घराची चौकट बसवायची असो, “सरांना बोलवा” हे ठरलेलं. सर येत, मापून देत, चहासुद्धा घेत नसत. गवंडी आणि सुतार यांची भांडणं “सरांनी मोजलंय” एवढ्या दोन शब्दांत मिटायची. अठ्ठ्याहत्तर साली आम्ही सात शिक्षकांनी आणि भिवा ऐवळे नावाच्या शाळेच्या शिपायानं मिळून ओढ्याच्या अलीकडची पट्टी घेतली, सोसायटी काढली, तेव्हा मोजणी कुणी करायची हा प्रश्नच आला नाही. शाळेची टेप आणली, आम्ही सगळे मदतीला आलो आणि सरांनी एका सकाळी आठही प्लॉट पाडून दिले. दगड रोवले. दुपारी चिठ्ठ्या टाकल्या. भिवामामांनी चिठ्ठी काढली नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरेल तो, म्हणजे ओढ्याकडचा आठवा, त्यांना द्यायचा असं आधीच ठरलं होतं. म्हणजे आम्ही ठरवलं होतं.

तेवीस वर्षं कुणाला त्या मापाची आठवणसुद्धा आली नाही. मग आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला.

हे एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्यांची नावं सांगायचा आवाज ह्यांचाच. अख्खा तालुका त्या आवाजावर धावपळ करायचा. झटक्यानं उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. दिवसाला वीस-पंचवीस शब्द जेमतेम निघत, तेही ओढून काढल्यासारखे. आमच्या घरात खाली हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायची खोली जिन्यावर. जिना ह्यांना चढता येत नव्हता, म्हणून खाट हॉलमध्ये आली. खाटेभोवती मी पडदा लावला. पडद्यामागं खाट, खाटेखाली भांडं, आणि पडद्यापुढं टीव्ही, दूधवाला, शिकवणीची मुलं, हळदीकुंकवाच्या बायका आणि जाणारा-येणारा सगळा गाव. भांडं लागलं की हे पडद्याआडून खोकायचे. मग मी पाहुण्यांना मोठ्यानं विचारायचे, “बाकी काय म्हणता?” आणि पाहुणेही मोठमोठ्यानं बोलायला लागायचे. सगळ्यांना सगळं कळायचं. दोन वर्षं हे चाललं.

एकदा मी विचारलं, “तुम्हाला काय आणून देऊ? काही खावंसं वाटतंय का?”

ह्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “दार.”

म्हणून ती खोली. हॉलला लागून पूर्वेला, सरांच्या बाजूला. नऊ फूट रुंद. आत खाट, चाकाची खुर्ची आणि संडास. आठ फुटांत खुर्ची वळत नव्हती. मी जमिनीवर खडूनं आखून, खुर्ची फिरवून बघितलं होतं. नकाशाप्रमाणे त्या बाजूला एकोणीस फूट मोकळे होते. खोलीचे नऊ गेले की नियमातले दहा राहतात. पण जमिनीवर भरले अठराच. नगरपालिकेतल्या माणसानं दोन वाटा सांगितल्या: शेजाऱ्याची लेखी संमती आणा, नाहीतर सरकारी मोजणी आणा.

पहिली वाट मेंदीला तटली होती. सोमवारी मी मोजणीचा अर्ज केला.

सरांना तसं सांगितलंही. लपवाछपवी मला जमत नाही. ते म्हणाले, “उत्तम! होऊन जाऊ दे.” आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता नेहमीसारखे पेपर घेऊन आले. पडद्याआड स्टुलावर बसले आणि ह्यांना बातम्या वाचून दाखवल्या. मी चहा ठेवला. आमचं त्या काळात एकमेकांशी एवढंच बोलणं होतं, साखर किती.

अडीच महिन्यांनी मोजणीदार आले. साळुंखे नावाचे सडपातळ गृहस्थ. पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं, मी कुणाच्याच घरचा चहा घेणार नाही. माणूस हुशार आहे हे मला तिथंच कळलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर ओळीचा पहिला दगड आहे, तिथून त्यांनी सुरुवात केली. सर इस्त्रीचा सदरा घालून हजर होते. मीही बरी साडी नेसले होते.

साळुंख्यांनी स्टीलची टेप धरली आणि वाचलं, “पहिला प्लॉट, एकोणपन्नास.”

सर हसले. “टेप सैल पडली असेल.”

पुन्हा धरली. एकोणपन्नास. तिसऱ्यांदा सरांनी स्वतः वाकून आकडा बघितला आणि चष्मा पुसला.

“दुसरा प्लॉट, एकोणपन्नास.”

दुसऱ्या प्लॉटचे मालक चित्रकलेचे सर. ते पुण्यात मुलाकडं राहतात, प्लॉट मोकळाच आहे. तिथं गवतात उभे राहून उकिडवे सर दगडाकडं बघत होते. दगड हलवला असेल म्हणावं तर पंचवीस वर्षांचा मातीत मुरलेला.

तिसरा माझा. एकोणपन्नास. चौथा सरांचा. एकोणपन्नास. मेंदीच्या टोकाशी सर खाली बसले. म्हणजे अगदी मातीत, इस्त्रीच्या सदऱ्यासकट.

“पाणी आणू का, सर?” मी विचारलं.

“सगळ्यांनाच एकेक फूट कमी,” सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, गणित करत होते. “एक ते सात, एकेक कमी. म्हणजे ओढ्यापर्यंतचं उरलेलं सगळं आठव्याला, सात जास्त. भिवाकडं सत्तावन्न आहेत.”

“ते तुमचं तुम्ही बघा,” साळुंखे म्हणाले. “माझ्याकडं अर्ज तीन नंबरचा आहे. मी त्यांच्याच खुणा करणार.”

आणि त्यांनी खुणा केल्या. सगळी ओळ सरकल्यामुळं माझी पश्चिमेची हद्द दोन फूट आत आली आणि पूर्वेची तीन फूट पलीकडं गेली, सरांच्या मेंदीच्याही पलीकडं. त्यांच्या जास्वंदीच्या आळ्यात सरकारी खुंटी ठोकली गेली. मला एक फूट हवा होता. तिकडं तीन मिळाले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घरात जाऊन मी पडदा सारला आणि ह्यांना म्हणाले, “मिळालं! बारा फूट राहतात आता.”

“दार?” ह्यांनी विचारलं.

“दार. दणकट सागवानी.”

हे डाव्या बाजूनं हसले.

दुसऱ्या दिवशी सात वाजले तरी सर आले नाहीत. सव्वासात झाले. “सर?” ह्यांनी विचारलं. बाहेर कुदळीचा आवाज येत होता. मी जाऊन बघते तर अडुसष्ट वर्षांचा माणूस बनियनवर उभा राहून स्वतःची मेंदी खणून काढतोय. कुंपणाचा दहा-बारा फूट तुकडा आडवा पडला होता.

“अहो सर, हे काय चालवलंय? मला इतकी काही घाई नाही.”

“तुमच्या घाईचा प्रश्न नाही. तीन फूट तुमचे आहेत, ते तुम्हाला मिळाले पाहिजेत. माझे चार पलीकडं आहेत, ते मी घेईन. सोसायटीला पत्र तयार केलंय. अख्ख्या ओळीची मोजणी होईल, सगळे दगड हलतील.”

“आणि भिवामामा?”

“भिवाचे सात जातील. त्याचे नव्हतेच ते.”

“त्यांची खोली आहे तिथं.”

“माहीत आहे मला,” सर म्हणाले. कुदळ टेकवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल होते, झोप झालेली नसावी. “बाई, तीस वर्षं मी मुलांचे पेपर तपासले. कधी कुणाची चूक माझ्या हातानं दुरुस्त केली नाही. लाल गोल करायचा आणि वही परत द्यायची. चूक ज्याची, दुरुस्ती त्याची. आता माझी चूक निघाली तर सोडून देऊ? ह्या गावात निम्म्या घरांच्या चौकटी माझ्या मापाच्या आहेत. लोक उद्या दारं मोजायला लागतील.”

ते पुन्हा कुदळ चालवायला लागले. मी बराच वेळ तिथं उभी राहिले आणि मग ह्यांचं तोंड धुवायचं म्हणून आत आले. मला त्यांचा राग होता दोन-अडीच महिन्यांचा, तो असा कुठंतरी निघून गेल्यानं मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी भिवामामा आले. त्याच वर्षी निवृत्त झाले होते. हॉलमध्ये खुर्ची असून खाली बसले. मी उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. त्यांनी आधी पडद्याकडं बघून विचारलं, “साहेब बरं हायत?” आतून ह्यांनी “हं” केलं.

“बाई, काल सांजच्याला उकिडवे सर आलते घरी. टेप घेऊन. ल्येकाच्या खोलीत गेले, मोजलं, आन् भितीवर खडूनं रेघ वढून गेले. म्हणाले, भिवा, इथनं अलीकडचं तुझं न्हाई.”

“मग?”

“रेघ सुनंच्या खाटंवरनं जातीया.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

“लगीन होऊन सा महिनं झालं. आधी आमी समदी एकाच खोलीत हुतो. पोराचं लगीन ठरंना त्या पायी. मग ती खोली काढली, तवा पोरीच्या बापानं हो म्हणलं.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी भांडाय न्हाई आलो. साहेबांना दार पायजे, समदी गल्ली जाणती. माझ्या सुनंलाबी पायजे. काय करावं, तुमीच सांगा.”

“मी काय सांगू, मामा? माप सरांचं चुकलं. मी फक्त मोजणी मागितली.”

भिवामामा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. वर्गात विसरलेली छत्री परत आणून द्यायचे, तेव्हा बघायचे तसं.

“सरांचं न्हाई चुकलं, बाई,” ते म्हणाले. “सरांनी पन्नासच वाचलं. टेपच आखूड हुती. लांब उडीच्या खड्ड्यात तिचा पयला फूट तुटून गेल्ता. मीच तुटल्या टोकाला पितळंची कडी शिवली, म्हणून दिसायला अख्खी दिसायची. धरताना एकच्या आकड्याचं टोक दगडावर यायचं. मी त्या सकाळी बोललो हुतो तसं.”

“कुणाला?”

“तुमाला.”

“मला?”

“टोक तुमच्याच हातात हुतं की.”

मला लगेच आठवलं. नाही आठवलं असं म्हणायची सोय नव्हती. सत्तावीस वर्षांची मी, नोकरीला लागून तीन महिने झालेले, कोपऱ्याच्या दगडावर ती पितळी कडी अंगठ्याखाली दाबून उकिडवी बसलेली. मामा शेजारी येऊन हळूच म्हणाले होते, बाई, पयला फूट न्हाई हितं, सरांना सांगा. तेवढ्यात पलीकडून सर ओरडले, “बाई, ताण धरा!” सकाळपासून ते चौथ्यांदा ओरडले होते. सगळे हसले होते. मी मामांना म्हणाले, “बरं बरं, सांगते,” आणि ताण धरला. सरांकडं जाऊन, ओरडून घेऊन, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचं धैर्य माझ्यात नव्हतं. एक फुटानं काय होतंय, असंही मला वाटलं असेल. दुपारपर्यंत मी ते विसरलेसुद्धा.

“मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत?” मी विचारलं. माझाच आवाज मला चिरका वाटला. “थेट सरांना सांगायचं!”

“सांगणार हुतो,” भिवामामा म्हणाले. “पर तवर चिठ्ठ्या पडल्या. शेवटला प्लॉट मला आल्ता. म्हणलं, आता कशाला.”

एकानं सांगितलं नाही, दुसऱ्यानं पुन्हा सांगितलं नाही, आणि पंचवीस वर्षं दोघंही गावात सरांच्या मापाची वाखाणणी करत फिरलो. माझा जीव शरमेनं एवढासा झाला. आणि त्यातही मनाचा एक कोपरा हिशेब करत होता, की कुमुद, तू गप्प बैस. तुझ्या खुंट्या सरकारी आहेत, खोली होणार, दार होणार. बोलणारे हे एकटे मामा, आणि त्यांचं कोण ऐकतंय? हेही सांगून टाकते, उगाच स्वतःला चांगलं म्हणवून घेण्यात अर्थ नाही.

पडदा हलला. आमच्या घरात काही बोललं की ते ह्यांना ऐकू जायचंच; त्यांना सुटका नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

“कुमुद,” आतून आवाज आला.

“काय?”

“जा.”

“उद्या सकाळी जाईन.”

“जा,” हे म्हणाले. पुढचा शब्द काढायला त्यांना वेळ लागला. “आत्ता.”

मी चपला घातल्या आणि गेले.

सर पडवीत बसले होते. समोर सोसायटीचं पत्र, पाचव्या की सहाव्या वेळी लिहून काढलेलं. मी न बसता बोलले. कडी, लांब उडी, मामा, ताण, सगळं सांगितलं. मध्ये कुठं स्वतःला वाचवायचा प्रयत्न केला नाही, एवढं म्हणते. सर पेन हातात तसंच धरून ऐकत होते.

“म्हणजे मी पन्नासच वाचलं होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि टोक एकपासून होतं?”

“हो. माझ्या अंगठ्याखाली.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. तोंडावर काय भाव होता ते सांगता यायचं नाही. तापातून उठल्यावर माणूस पहिल्यांदा बाहेर बघतो, तसं ते बाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, “तरीच!”

“काय तरीच?”

“शाळेत अठरा फूट उडी मारणारी पोरं जिल्ह्याला सतरा मारायची. मी म्हणायचो, प्रवासानं दमतात.”

मला हसू आलं, पण ती वेळ नव्हती.

“सर,” मी म्हणाले, “चूक ज्याची, दुरुस्ती त्याची. बरोबर?”

“बरोबर.”

“मग ही चूक माझी आहे. तुमची नाही. दुरुस्ती करायची का, कशी करायची, ते मी ठरवणार. दगड हलवायचे नाहीत. मोजणीचा कागद माझा आहे, तो माझ्या कपाटात राहील. हे पत्र मला द्या.”

सर विचार करायला लागले. ते विचार करायचे म्हणजे खरोखरच करायचे. घड्याळ बघितलं असतं तर पाच-सात मिनिटं झाली असती. ओठ हलत होते. शेवटी त्यांनी पत्र उचललं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

“तर्काला धरून आहे,” ते म्हणाले. “पण दुरुस्ती झाली पाहिजे. दगडांची नको, तुमची.”

“म्हणजे?”

सर आत गेले आणि रेघांची वही घेऊन आले. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘टेप नेहमी शून्यापासून धरावी.’ आणि वही माझ्यापुढं सरकवली.

“दहा वेळा.”

“सर, मी बावन्न वर्षांची आहे.”

“सुवाच्य.”

मी पडवीत बसून दहा वेळा लिहिलं. सर समोर बसून होते. पाचव्या ओळीला म्हणाले, “वेलांटी.” ती मी नीट केली. सातव्या ओळीला माझे डोळे भरून आले आणि अक्षर पसरलं. त्याबद्दल काही म्हणाले नाहीत. दहा झाल्यावर त्यांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून तपासली, खाली लाल पेननं बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.

मग हात पुढं करून म्हणाले, “आणा.”

“काय?”

“संमतीचा कागद. नऊ फुटांवर, ना? नऊच राहतात तिथं. तुमच्यामुळं.”

कागद घरी होता. मी पळत जाऊन आणला. बावन्नाव्या वर्षी चपला हातात घेऊन पळाले, आणि दारातून ते पाहून भिवामामा उभे राहिले. सरांनी पूर्ण नाव लिहिलं, वामन सदाशिव उकिडवे, आणि खाली सही केली. सोडलेली जागा पुरली.

“भिवामामांना काय सांगू?” मी विचारलं.

“सांगा, भिंतीवरची रेघ पुसून टाक. ओल्या फडक्यानं जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेंदी होती तिथंच पुन्हा लावली. चार-पाच रोपं मेली, बाकीची जगली. सरकारी खुंटी मी स्वतः उपटून चुलीत घातली. टेपचा विषय सरांनी पुन्हा कधी काढला नाही, माझ्याजवळही नाही आणि गावातही नाही. लोक मांडवाची मापं घ्यायला त्यांना बोलवत राहिले. एवढंच, की त्यानंतर सर टेपचं टोक स्वतः धरायचे आणि आकडा दुसऱ्याला वाचायला सांगायचे.

नगरपालिकेनं तीन आठवड्यांत परवानगी दिली. खोली बांधायला अडीच महिने लागले. सुतारानं विचारलं, कडी कुठं बसवू? मी ह्यांना खुर्चीतून तिथवर नेलं. त्यांनी डावा हात लांब करून दाखवलं, इथं. खुर्चीत बसून हात पोचेल अशी, खाली, डाव्या अंगाला. सुतार म्हणाला, एवढ्या खाली कडी कुणी बसवत नाही. मी म्हटलं, तू बसव.

गृहप्रवेश वगैरे काही केला नाही. एका गुरुवारी सकाळी खाट आत नेली. हॉलमधला पडदा काढला. मग ह्यांना खुर्चीवरून आत नेलं, खुर्ची खोलीच्या मधोमध आणून वळवून दाखवली. वळली. हे चहूकडं बघत होते. मी चादर नीट करायला लागले, औषधांच्या बाटल्या कुठं ठेवायच्या ते सांगायला लागले.

“जा,” हे म्हणाले.

“अहो, पण उशी...”

“जा.”

मी बाहेर आले. खुर्चीची चाकं वाजली. दार हळूहळू ओढलं गेलं, एकदा अडकलं, पुन्हा ओढलं गेलं आणि लागलं. कडी खरखरली. एकदा, दोनदा. डाव्या हातानं त्यांना जमेना. मी दाराला हात लावला आणि काढून घेतला. तिसऱ्यांदा कडी बसली.

“पडाल हं,” मी बाहेरून म्हणाले. “काही पाहिजे का?”

उत्तर आलं नाही. मी पाच मिनिटं उभी राहिले, दहा मिनिटं उभी राहिले. दोन वर्षांत ह्यांचा प्रत्येक श्वास मला माहीत होता, आणि आता आत काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी खाली बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज करून रडले. ह्यांना ऐकू जायची भीती नव्हती. मध्ये दार होतं.